खमंग कशाला म्हणायचं? घरी भाजलेल्या कॉफीची समीक्षा



समीक्षेवरच्या व्याख्यानात कॉफी कुठून आली, हा प्रश्न पहिल्या रांगेतल्या दोन-तीन चेहऱ्यांवर आम्हाला स्पष्ट दिसतोय. कॉफी आम्ही मुद्दाम आणली आहे. रस म्हणजे काय हे सांगताना भरतानं नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात जेवणाचाच दाखला घेतला. निरनिराळी व्यंजनं, औषधी, गूळ असं एकत्र आलं की चव सिद्ध होते आणि प्रसन्न मनाचा माणूस ती चाखतो, प्रेक्षकाचंही तसंच. नाट्यशास्त्रावर आपल्या पीपल्स कॉलेजच्या नरहर कुरुंदकरांनी लिहिलं. ज्या नांदेडात 'आस्वाद' या शब्दाचा इतका खल झाला, तिथं कपातल्या आस्वादावर तासभर बोलायला हरकत नसावी.

आम्ही म्हणजे नांदेड-लातूरची चार-सहा मंडळी. कच्चे दाणे मागवायचे, घरी भाजायचे, दळायचे, गाळायचे आणि मग एकमेकांच्या कॉफीला नावं ठेवायची, हा आमचा उद्योग. यातलं नावं ठेवणं हेच आजचं काम. कारण आमचं म्हणणं असं आहे की, कॉफीची पारख करायला लागणारी अक्कल मराठवाड्याच्या स्वयंपाकघरात आधीपासून आहे. फक्त ती कॉफीवर कुणी चालवली नाही. आधी बरणीनं चालवू दिली नाही, आता पाकिटावरची भाषा चालवू देत नाही.

बरणीचं आधी बघू. कॉफी आपल्याकडं परकी म्हणावी तर जुन्या मराठीत तिच्या दाण्याला 'बुंद' असा शब्द होता, अरबी 'बुन्न'वरून आलेला. बाबा बुदन नावाच्या फकिरानं सतराव्या शतकात येमेनहून सात दाणे आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावले, ही दंतकथा तुम्ही ऐकली असेल. देशातली सुमारे सत्तर टक्के कॉफी कर्नाटकात पिकते, आणि कर्नाटक आपल्याला लागून आहे. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके तर १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यातच होते. तरी दाणा आपल्यापर्यंत आला नाही. एक तर बिदर-गुलबर्गा हा मुलूखही चहाचाच. दुसरं कारण सरकारी होतं. १९४० च्या दशकापासून मळेवाल्यानं आपली कॉफी कॉफी बोर्डाच्या सामायिक साठ्यात जमा करायची आणि बोर्डानं ती लिलावानं विकायची, अशी पद्धत होती. ती टप्प्याटप्प्यानं सैल होत १९९६ ला पुरती सुटली. तोवर मळेवाल्याकडून थेट पाच किलो कच्चा दाणा लातूरला मागवणं ही कल्पनाच करायला नको.

त्यामुळं आपल्याकडं कॉफी आली ती पूड होऊन. पूड दोन प्रकारची. एक बरणीतली झटपट कॉफी. म्हणजे कारखान्यात आधीच काढलेला काढा वाळवून केलेली भुकटी. दुसरी चिकोरी मिसळलेली. चिकोरी हे एक मूळ. आपल्याकडं गुजरात आणि उत्तर प्रदेशात पिकतं, भाजलं की काळं-कडू होतं, त्यात कॅफिन नसतं. नियम असा की अशा मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के हवी आणि प्रमाण वेष्टनावर छापलेलं हवं. घरी गेल्यावर डबा उलटा करून बारीक अक्षरं वाचा. जवळजवळ निम्मं मूळ आपण कॉफी म्हणून पितो, आणि मग म्हणतो, कॉफी बाई कडूच असते!

या कडूपणावर आपल्या घरांनी शोधलेला उपाय म्हणजे जायफळ. पाहुण्यांसाठी, उपासाला, कुणी आजारी असलं तर दुधात उकळलेली, साखर घातलेली, वर जायफळ किसलेली कॉफी. तिची टिंगल करणारे लोक आम्हाला आवडत नाहीत. हाताशी जी पूड होती, तिच्यातून सुगंध काढायचा कसा, याला दिलेलं ते शहाणं उत्तर होतं. पूड शिळी होती, जायफळ ताजं होतं.

आता दुसरी भाषा. गेल्या काही वर्षांत चांगला, ताजा भाजलेला दाणा पाकिटातून घरपोच मिळू लागला. पाकिटावर भाजल्याची तारीख असते, हे उत्तम. पण खाली लिहिलेलं असतं: ब्लूबेरी, जास्मिन, मेपल. आमच्यापैकी एकानं ब्लूबेरी कधी खाल्ली नव्हती. तो बिचारा कपात तोंड घालून काय शोधणार? या शब्दांचं मूळ एका 'चवीच्या चक्रा'त आहे. अमेरिकेत १९९५ साली ते तयार झालं, २०१६ साली नव्यानं मांडलं गेलं. त्याच्या मागं एक कोश आहे, आणि त्या कोशाची गंमत ऐका. प्रत्येक चवीसाठी त्यात एक खरीखुरी वस्तू नेमून दिली आहे. बऱ्याचदा अमेरिकेतल्या किराणा दुकानात मिळणारा डबाबंद पदार्थ. म्हणजे 'ब्लूबेरी' लिहिणाऱ्यानं ती आधी चाखलेली असते, त्याला ती विकत मिळते. आम्हाला ही पद्धत फार आवडली. कोश करणाऱ्यांनी काही चूक केली नाही. चूक त्यांच्या दुकानातल्या वस्तूंची नावं आपल्या पाकिटावर जशीच्या तशी छापणाऱ्यांची आहे. त्यांची पद्धत घ्यायची, तर वस्तू आपल्या गंजगोलाईतल्या घ्यायला हव्यात.

आणि भाजण्याच्या बाबतीत तर शब्दांची ददातच नाही. येसर घ्या. येसर करताना ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ, धणे एकदम कढईत ओतणारी बाई तुम्ही पाहिली आहे? प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण प्रत्येकाची वेळ वेगळी. कॉफीत नेमकं हेच. अरेबिका आणि रोबस्टा मिसळायची असेल तर दोन्ही वेगवेगळ्या भाजून मग मिसळाव्यात, हे आम्ही घरी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा घरातून उत्तर आलं, "मग! एकत्र कशाला भाजतील?"

कृती सांगतो, पण पाककृती म्हणून नाही. ऐकत ऐकत पारख कशी होते तेवढ्यापुरती. जाड लोखंडी कढई, दीडशे ग्रॅम कच्चा दाणा, हात सतत फिरता. दाणा हिरवट, दगडासारखा असतो. चार-पाच मिनिटांत तो पिवळा पडतो आणि ओल्या कडब्याचा वास येतो. मग वास बदलतो, तव्यावरच्या भाकरीकडं जातो. रंग तांबूस होतो, फोल सुटायला लागतं. आठ-नऊ मिनिटांच्या सुमारास दाणा फुटतो. दाण्याचं तापमान तेव्हा दोनशे अंशांच्या जरा अलीकडं असतं. आवाज ज्वारीच्या लाह्यांचा, ठसठशीत. हे पहिलं फुटणं. तसंच चालू ठेवलं तर थोड्या वेळानं दुसरं फुटणं येतं, ते फोडणीतल्या मोहरीसारखं बारीक तडतडतं, आणि दाण्यावर तेल दिसू लागतं. कॉफीची सगळी लेखी चर्चा या दोन आवाजांच्या मधल्या दोन-तीन मिनिटांवर चालते. पहिल्याच्या जवळ थांबलात तर फळाचा आंबटपणा राहतो, दुसऱ्याच्या जवळ गेलात तर कडू-गोड, जड चव येते. मग लगेच सुपात काढून पंख्यासमोर पाखडायचं. फोल उडतं, दाणा निवतो. तो चार मिनिटांत निवला पाहिजे, नाहीतर पोटातल्या उष्णतेनं भाजतच राहतो. दीडशे ग्रॅमचे सव्वाशेच्या आसपास उरतात. बाकी पाणी आणि वायू.

यात नवं काय आहे? कडबा, भाकरी, लाह्या, मोहरी, सूप. यंत्राच्या पडद्यावरचा आलेख बघून जे कळतं ते उपयोगाचं आहे, नाही असं नाही. पण नाक आणि कान ही ज्यांची रोजची हत्यारं आहेत, त्यांना या विषयात 'अडाणी ग्राहक' समजलं जातं, आणि ज्यानं परवा यंत्र घेतलं त्याला 'जाणकार' म्हणतात. आमचा राग आहे तो इथं. आमच्या मंडळींतही कढईपाशी उभं राहून "आता काढा" म्हणणारी व्यक्ती एक, आणि समूहावर फोटो टाकून लिहिणारी दुसरीच, असं चालायचं. पहिली बहुतेक वेळा बाई असायची, हे सांगायला नकोच.

आता आपल्याच लोकांवर टीका. घरी भाजणाऱ्याला एक आजार जडतो: ताजी म्हणजे चांगली. तसं नाही हो. ताजेपणा हा काळाचा गुण आहे, चवीचा नव्हे. कढईत वर डाग आणि आत कच्चा असा दाणा निघाला तर शेंगदाण्यासारखंच होतं. चावून बघा, मधोमध कच्च्या हरभऱ्याची चव येईल. आच फार मंद ठेवून वीस-वीस मिनिटं भाजलं तर करपत नाही, पण चव शिळ्या भाकरीसारखी मिटून जाते. आच मोठी ठेवली की करपट. तिन्ही आम्ही प्यालो आहोत आणि तिन्हींना 'वा' म्हणणारे घरचे लोकही पाहिले आहेत. स्वतः भाजलं म्हणून वाहवा करणं म्हणजे भाच्याच्या कवितेवर परीक्षण लिहिणं. शिवाय ताजी म्हणजे त्याच दिवशीचीही नव्हे. भाजलेल्या दाण्यात कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असतो. पहिल्या दिवशी पाणी ओतलं की पूड फसफसते आणि पाणी नीट मुरत नाही. दोन-तीन दिवस थांबावं, पुढं तीनेक आठवडे दाणा छान राहतो. दळलेली पूड मात्र तासांच्या हिशेबात उतरते. आणि आपला उन्हाळा! बेचाळीस अंशांत गॅसशेजारच्या फळीवर डबा ठेवून महिनाभर टिकण्याची अपेक्षा करू नये.

पाण्याबद्दल बोललं नाही तर लातूरचे लोक आम्हाला उठू देणार नाहीत. गाळलेल्या कॉफीत शंभरातले अठ्ठ्याण्णव भाग पाणीच असतं, आणि कॉफीवरच्या लिखाणात 'चांगलं पाणी घ्या' या तीन शब्दांत ते उरकलेलं असतं. हे लिहिणाऱ्याला १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला आलेली रेल्वे आठवत नसणार. मांजरा धरण कोरडं पडलं की शहर बोअर आणि टँकरवर. इथं 'चांगलं पाणी' ही निवड नसते, नशीब असतं.

बोअरचं पाणी काळ्या पाषाणातून येतं, जड असतं. त्यातले बायकार्बोनेट कॉफीतला आंबटपणा मारून टाकतात. चिकमगळूरचा उत्तम अरेबिका दाणा, नेमका भाजलेला, बोअरच्या पाण्यात केला तर मातकट, सपाट लागतो. लोक म्हणतात दाणा वाईट. उलट जारचं पाणी, म्हणजे आरओचं, इतकं रिकामं असतं की कॉफी पातळ आणि टोचरी उतरते. दाण्यातले गुण ओढून घ्यायला पाण्यात थोडे क्षार लागतातच. आम्ही एकच दाणा विष्णुपुरीच्या नळाच्या पाण्यात, लातूरच्या बोअरमध्ये आणि जारच्या पाण्यात करून पाहिला. तीन वेगळ्या कॉफ्या वाटाव्यात इतका फरक. आता आम्ही जारच्या पाण्यात थोडं बोअरचं मिसळतो, मीटर दीडशेच्या आसपास दाखवेपर्यंत. पंधरा ग्रॅम पूड, सव्वादोनशे मिलिलिटर पाणी, उकळी आल्यावर मिनिटभर थांबून. दहा हजारांच्या यंत्रानं जे होत नाही, ते कधीकधी तांब्याभर पाण्यानं होतं.

दुधाचं थोडक्यात. कॉफी काळीच प्यावी, हा हट्ट आम्हाला मान्य नाही. आपल्याकडं म्हशीचं दूध, त्यात सहा-सात टक्के स्निग्धांश. त्यात हलकी भाजलेली कॉफी बुडून जाते. मग दाणा दुसऱ्या फुटण्याच्या उंबरठ्यापर्यंत न्यावा, थोडा रोबस्टा घ्यावा. देवणी किंवा लाल कंधारी गाईचं दूध मिळालं तर जरा अलीकडं थांबलं तरी चालतं. जायफळ? ताज्या कॉफीत किसणीवर एकदाच ओढावं. दोनदा ओढलं की जायफळाचं दूध होतं, तेही वाईट नाही, पण मग एवढं भाजलं कशाला.

शब्दांकडं परत येतो. आम्ही आमच्यापुरती यादी करायला घेतली आहे: हुरडा, जांभूळ, काकवी, चिंचेचा कोळ, भाजलेला हरभरा, कडबा, पेंड, शिळी भाकरी. आक्षेपही आला, आणि तो बरोबर आहे. जांभूळ एका झाडाचं गोड, दुसऱ्याचं तुरट. मग मोजपट्टी कसली? डबाबंद वस्तू वर्षभर एकच चव देते, आपला हुरडा तर थंडीतले काही आठवडेच. तेव्हा या यादीत हंगामही लिहावा लागेल, गावही लिहावं लागेल, आणि काही शब्द सरळ काढून टाकावे लागतील. काकवी आणि चिंच टिकतील असं वाटतं. 'खमंग'वर आमचं अजून भांडण चालू आहे. काहींच्या मते तो शब्द इतक्या गोष्टींना लागतो की कॉफीबद्दल काहीच सांगत नाही.

बाहेर टेबलावर दोन थर्मास ठेवले आहेत. दाणा एकच, भाजणं एकच, पाणी वेगळं. कुठलं कशात आहे ते लिहिलेलं नाही. शेजारी कागद आहेत. पिऊन जे आठवेल ते लिहा. ब्लूबेरी लिहिलीत तर कुठं खाल्ली तेही खाली लिहा.