केहीमकरांचा इतिहास आणि नवगांवच्या सात स्त्रिया

अलिबागेस जन्मलेले हाईम सॅम्युएल केहीमकर यांनीं आपल्या बेने इस्रायल समाजाचा इतिहास इंग्रजींत लिहून १८९७ सालीं पुरा केला. तो छापून निघाला १९३७ सालीं, आणि तोही तेल अवीव येथें. मध्यें चाळीस वर्षें हस्तलिखित पडून राहिलें. ग्रंथकारास आपला ग्रंथ छापलेला पाहण्याचें भाग्य लाभलें नाहीं. एखाद्या लहानशा समाजाच्या पूर्वजांचा माग त्याच समाजांतील गृहस्थानें घ्यावा, आणि त्या गृहस्थानें १८७५ सालीं मुंबईस आपल्या लोकांसाठीं शाळा काढण्यांत पुढाकार घेतलेला असावा, हा योग आमच्याकडे दुर्मिळच. म्हणून या ग्रंथाची परीक्षा आदरानें केली पाहिजे. परंतु आदरानें परीक्षा करणें म्हणजे पानापानास मान डोलावणें असा अर्थ आम्ही करीत नाहीं. ग्रंथ ज्या गोष्टीचा विशेष अभिमान बाळगतो ती त्यांतील दुबळी बाजू आहे, आणि ज्या गोष्टी तो जातां जातां सांगतो त्यांतच त्याचें मोल सांठविलेलें आहे, असें आमचें मत झालें आहे.

घराण्याचा माग काढावयाचा म्हणजे कागद पाहिजे. आमच्याकडील घराण्यांचे कुलवृत्तान्त कशावर रचले गेले तें पाहावें: नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या, इनामाच्या सनदा, वतनाच्या तंट्यांतले महजर. वसईच्या ख्रिस्ती घराण्यास चर्चच्या नोंदवह्या आहेत. आयर्लंड सोडून कुठल्याशा दूरच्या बेटावर जाऊन राहिलेल्या कुटुंबाचे वंशजसुद्धां मूळ गांवच्या चर्चमधील बाप्तिस्म्याची नोंद शोधीत येतात; १९२२ सालीं डब्लिनचा सरकारी दफ्तरखाना जळाला त्यांत त्यांचे पुष्कळ कागद गेले, तरी काय गेलें एवढें तरी त्यांस ठाऊक असतें. पूर्वींच्या कुलाबा, म्हणजे आतांच्या रायगड, जिल्ह्यांतील यहुदी तेल्याच्या घरीं यांपैकीं कांहींच नव्हतें. त्याच्यापाशीं होती एक गोष्ट, एक आडनांव आणि एक शनिवार. एवढ्या भांडवलावर केहीमकरांनीं इतिहास उभा केला.

गोष्ट प्रसिद्धच आहे. पश्चिमेकडून येणारें एक तारूं खांदेरी-उंदेरीच्या आसपास फुटलें. सात पुरुष व सात स्त्रिया तेवढीं जिवंत नवगांवच्या किनाऱ्यास लागलीं. बाकीच्यांचीं प्रेतें वाहत आलीं तीं तेथेंच पुरलीं, पुरुषांचीं एका उंचवट्याखालीं व स्त्रियांचीं दुसऱ्या. पोथ्या बुडाल्या, पुढें भाषाही गेली. 'शेमा इस्रायल' एवढें वचन, मुलाची सुंता, भक्ष्याभक्ष्याचे कांहीं नियम आणि शनिवारचा विसावा मात्र राहिला. हे लोक तेलाचा घाणा चालवून पोट भरीत व शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांस शनिवार तेली हें नांव पडलें. सोमवारीं बैलास विसावा देणारे ते सोमवार तेली. ग्रंथकाराचें आडनांव ज्या किहीमवरून पडलें तें गांव नवगांवाच्या अगदीं शेजारीं आहे. तेव्हां ही कथा त्यांनीं पुस्तकांतून घेण्याचें कारणच नव्हतें.

या कथेस केहीमकर काळ देतात तो इ. स. पूर्वीं १७५ च्या सुमाराचा: अँटायोकस एपिफेनीझ राजाच्या छळास कंटाळून हे लोक गॅलिली प्रांतांतून निघाले. कारण असें कीं, मक्काबी वीरांनीं यरुशलेमचें मंदिर पुन्हा शुद्ध करून घेतलें त्याच्या स्मरणार्थ पाळला जाणारा हनुक्का हा सण कोंकणच्या बेने इस्रायलांस ठाऊक नव्हता. म्हणजे तो सुरू होण्यापूर्वींच त्यांनीं देश सोडला असला पाहिजे. तर्क चतुर आहे, पण त्यावर इमारत उभी राहात नाहीं. ज्यांस आपली भाषाच विसरावी लागली त्यांस एक सण विसरला नसेल कशावरून? ठाऊक नसणें आणि स्मरणांत न राहणें यांतील भेद वकिलास महत्त्वाचा वाटतो; इतिहासकारासही तो वाटावयास हवा. चौलचें बंदर प्राचीन, हें खरें. पेरिप्लस नांवाच्या ग्रीक प्रवासवर्णनांत तें सेमिल्ला या नांवानें आलें आहे. पण बंदर जुनें म्हणून त्यांत उतरलेला प्रत्येक उतारू तितकाच जुना ठरत नाहीं.

शिवाय ही कथा एकट्या बेने इस्रायलांची नाहीं. समुद्रकांठीं वाहत आलेलीं चौदा प्रेतें परशुरामानें चितेवर शुद्ध करून उठविलीं व त्यांपासून चित्पावन झाले, असें सह्याद्रिखंड सांगतें. इकडेही चौदा, तिकडेही चौदा. दोन्हींकडे समुद्र, दोन्हींकडे प्रेतें आणि दोन्हींकडे एक नवें कुल. कोणी कोणाची कथा उचलली हा वाद करणारे करोत. या किनाऱ्यावर उपरें येऊन रुजलेल्या माणसांनीं आपली उत्पत्ति सांगावयाची तर ती अशीच सांगावी, असा येथील प्रघात दिसतो. शेजारी शेजाऱ्याकडून विस्तव नेतो तशी गोष्टही नेतो. मात्र एक फरक लक्षांत ठेवण्याजोगा आहे. परशुरामाच्या कथेंत चौदा पुरुष आहेत. नवगांवच्या कथेंत सात स्त्रिया आहेत. त्यांच्याकडे आम्ही पुढें येऊं.

ग्रंथांतील उत्तम भाग सणांचा. त्यावर आमचा जीव जडला आहे हें कबूल करण्यास हरकत नाहीं. केहीमकरांनीं आपल्या लोकांच्या जुन्या सणांचीं मराठी नांवें नोंदून ठेविलीं आहेत, तीं त्यांनीं ठेविलीं नसतीं तर हिब्रू नांवांचा प्रसार झाल्यावर पार पुसून गेलीं असतीं. वर्षारंभाचा तो नव्याचा सण. प्रायश्चित्ताचा दिवस तो दारफाळणीचा, कारण त्या दिवशीं दारें लावून घरांत बसावयाचें. त्याच्या दुसऱ्या दिवशीं शिळा सण. खिरीचा सण आहे. पुरीम हा आमच्या शिमग्याच्या आगेंमागें येतो, म्हणून तो होळीचा सण. वल्हांडण म्हणजे 'अनाशी ढाकाचा' सण: आंबट कालवणाचें मडकें त्या दिवशीं झांकून ठेवीत. आंबविलेलें वर्ज्य करण्याची मोशेची आज्ञा पोथीसकट बुडाली आणि मडक्यावरच्या झांकणांत तरली, असें म्हणावयास आम्हांस मोह होतो. मंदिराच्या विध्वंसाचा उपास तो बिरड्याचा रोजा. अलिबागकडील वाचकांस वालाचें बिरडें म्हणजे काय तें सांगावयास नको. यरुशलेमच्या शोकाचा उपास त्या बिरड्यावर सोडावयाचा, यापेक्षां घराण्याच्या वास्तव्याचा पुरावा आणखी कोणता हवा?

येथें ग्रंथकारापेक्षां एक पाऊल पुढें जातां येतें. या नांवांचे दोन थर आहेत. सण, खीर, दारफाळणी, होळी, बिरडें हे शब्द येथल्या मातींतले. रोजा आणि रमजान, एलियाहू हनाबीचा ऊरूस, समाजाचा काजी, प्रार्थनामंदिरास मशीद, हे शब्द अरबी-फारशी. मुंबईच्या मशीद बंदराचें नांव बेने इस्रायलांच्या प्रार्थनामंदिरावरून पडलें असें सांगतात तेंही याच थरांतलें. हा दुसरा थर चढला तो मुसलमानी अमलांत, निजामशाहींत व जंजिऱ्याच्या सिद्दीच्या शेजारीं. तेव्हां पहिल्या थराचे शब्द घरांत पक्के झाले ते त्यापूर्वीं किंवा निदान त्याच्या प्रभावाबाहेर, असें अनुमान करण्यास जागा आहे. यानें इ. स. पूर्वींचें शतक मुळींच सिद्ध होत नाहीं. पण पाहुणा कालपरवां आला नाहीं एवढें कळतें, आणि तें हनुक्क्याच्या तर्कापेक्षां अधिक भरंवशाचें आहे.

आडनांवांविषयीं थोडक्यांत सांगतों. किहीम, नवगांव, आवास, थळ, झिराड, अष्टमी, पेण, रोहें अशीं शंभरांहून अधिक गांवें या समाजाच्या आडनांवांत बसलीं आहेत, आणि तीं आडनांवें एकत्र करून केहीमकरांनीं नकळत एक नकाशाच काढला आहे. व्यक्तिनामें हिब्रू, पण त्यांस मराठी शेंपूट: मुंबईस १७९६ सालीं पहिलें प्रार्थनामंदिर बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे आपल्या लोकांत सामाजी हसाजी. अलिबागचें नांव अली नांवाच्या मुसलमान धनिकाच्या बागांवरून पडलें कीं एली नांवाच्या बेने इस्रायलाच्या, हा वाद गांवांत अजून चालतो. दोघांस एकेक बाग देऊन तो मिटवावा असें आम्हांस वाटतें.

दाविद राहाबीच्या प्रकरणीं मात्र आमचा ग्रंथकाराशीं मतभेद आहे. हा परदेशी यहुदी या लोकांत आला, त्यानें त्यांस ओळखलें, झिराडकर, शापूरकर व राजपूरकर अशा तीन घराण्यांतील माणसांस धर्म शिकवून काजी केलें. केहीमकर त्यास सुमारें हजार वर्षांमागें ढकलतात. परंतु कोचीनच्या राहाबी घराण्यांतील दाविद हा अठराव्या शतकांतला. याच घराण्यांतील इझिकेल राहाबी यानें १७६८ सालीं हॉलंडांतील गृहस्थास लिहिलेल्या पत्रांत कोंकणच्या या लोकांचा उल्लेख आहे, आणि सार्टोरियस या मिशनरीच्या १७३८ च्या पत्रांतही आहे. कागद जेथें सांपडतो तेथें माणूस ठेवावा. हजार वर्षें मागें नेल्यानें त्याचें तेज वाढत नाहीं. या प्रकरणांतील सुंदर गोष्ट निराळीच आहे. राहाबीनें परीक्षा घेतली ती स्त्रियांची. त्यानें निरनिराळे मासे त्यांजपुढें ठेविले, आणि खवले व पर असलेले तेवढे त्यांनीं रांधावयास घेतले. पुरुषांस हिब्रू येत नव्हतें, पोथी नव्हती. बायकांच्या हातांनीं मासा ओळखला आणि समाज ओळखला गेला.

या गोष्टीचा पुढें काय पाड लागला तें केहीमकरांस दिसणें शक्य नव्हतें. १९४८ नंतर बेने इस्रायलांचीं हजारों माणसें इस्रायलांत गेलीं. तेथील धर्मपीठानें १९६१ सालीं त्यांच्याशीं विवाह करण्यास तत्त्वतः मान्यता दिली, पण १९६२ सालीं विवाह नोंदणाऱ्या अधिकाऱ्यांस आज्ञा केली कीं, बेने इस्रायल वधूवरांच्या आईची, आजीची व त्यामागें जाववेल तितकी परंपरा तपासावी. आडनांवानें पेणकर असलेल्या मुलीस, पणजी कोणाची होती, असें परक्या मुलखांत मेजापलीकडून विचारण्यांत आलें. लोक खवळले, यरुशलेमच्या रस्त्यावर ठाण मांडून बसले, १९६४ च्या ऑगस्टांत तेथील विधिमंडळानें त्यांच्या बाजूनें ठराव केला व आज्ञेंतून त्यांचें नांव गेलें. त्या दोन वर्षांत केहीमकरांचा ग्रंथ उघडून उत्तर शोधणाऱ्यास काय मिळालें असतें? यहुदी शास्त्राप्रमाणें मूल आईचें, आडनांव बापाचें. शंभर गांवांची यादी सबंध पितृवंशाची आहे. प्रश्न आईचा आला आणि ग्रंथ मुका झाला.

आणि येथेंच समाजाच्या पदरीं एक दोष टाकल्यावांचून आम्हांस गत्यंतर नाहीं. धर्मपीठानें जें विचारलें तें गोऱ्या इस्रायलांनीं काळ्या इस्रायलांस पिढ्यानुपिढ्या विचारलें होतें. ज्यांची आई बाहेरची ठरली ते काळे. त्यांच्याशीं सोयरीक नाहीं, पंगत नाहीं. ही रीत शेजारच्या जातींकडून आली हें समजतें. परंतु आपल्या लोकांविषयीं एवढा जिव्हाळा असणाऱ्या इतिहासकारानें त्या रीतीस हटकावयास पाहिजे होतें.

२०१६ सालीं संशोधकांच्या एका मंडळानें बेने इस्रायलांच्या रक्ताची परीक्षा प्रसिद्ध केली. तिचें सार असें: या लोकांत पश्चिम आशियांतील, बहुधा यहुदी, पूर्वजांचा अंश निश्चित आहे, येथल्या लोकांचाही मोठा आहे, दोहोंचें मिश्रण एकोणीस ते तेहतीस पिढ्यांपूर्वीं, म्हणजे अदमासें ६५० ते १०५० वर्षांपूर्वीं, झालें, आणि पश्चिमेकडील अंश पुरुषांच्या बाजूनें अधिक, येथला अंश स्त्रियांच्या बाजूनें अधिक. मिश्रणाचा हा काळ, आगमनाचा नव्हे, हें विसरूं नये. पण नवगांवच्या कथेंत सात पुरुषांच्या जोडीला बरोबर सात स्त्रिया कां, तें यावरून कळूं लागतें. कथा रचणाऱ्यांस हा प्रश्न येणार हें धर्मपीठाच्या कितीतरी आधीं ठाऊक होतें, आणि एकेका पुरुषाशेजारीं एकेक स्त्री बसवून त्यांनीं उत्तर देऊन ठेविलें. खऱ्या त्या स्त्रिया कोण होत्या? थोड्या बहुत तारवांतूनही आल्या असतील. पुष्कळशा किहीमच्या, आवासच्या, थळच्या असणार. मडकें झांकणाऱ्या, बिरडें सोलणाऱ्या, आणि खवल्यांचा मासा निवडावयास सासूपाशीं शिकलेल्या. शनिवार त्यांनीं पाळला म्हणून तो टिकला. घाणा बंद ठेवणें पुरुषाच्या हातीं, पण शुक्रवारीं संध्याकाळीं चूल उरकून ठेवणें त्याच्या हातीं नव्हतें.

केहीमकरांच्या ग्रंथाची मराठी आवृत्ति निघावी अशी आमची इच्छा आहे. काळाविषयींचीं प्रकरणें तींत जशींच्या तशीं राहूं द्यावीं. तीं ग्रंथकाराचीं आहेत. आडनांवांच्या यादीपुढें मात्र एक नवा रकाना घालावा, आईच्या गांवाचा. अलिबागच्या इस्रायल आळींतील मागेन आबोथ हें प्रार्थनामंदिर १८४८ सालचें आहे. अशा ठिकाणीं व वंशजांच्या घरीं जे विवाहाचे जुने करार मिळतील त्यांवरून तो रकाना भरावयास घ्यावा. किहीम, नवगांव, थळ, आवास, झिराड हीं गांवें एकमेकांपासून पायीं जाण्याच्या अंतरावर आहेत, आणि सुना बहुधा त्याच वाटांनीं आल्या असतील. मागच्या दोनतीन पिढ्या सहज भरतील. त्यामागें रकाना कोरा राहील, तो तसाच छापावा.