‘भजन’, ‘कीर्तन’ आणि ‘गायनवृंद’ : सामुदायिक उपासनागायनाच्या परिभाषेचा एक विचार

इंग्रजीतील ‘क्वायर’ या शब्दास मराठी प्रतिशब्द कोणता, असा प्रश्न निघाला की ‘गायनवृंद’, ‘वृंदगान’, ‘समूहगान’ हे संस्कृतोद्भव सामासिक शब्द पुढे केले जातात. व्याकरणदृष्ट्या त्यांत उणे काढण्याजोगे काही नाही. परंतु मराठी भाषक एकत्र जमून ईश्वरस्तवन करतात, त्या क्रियेचे स्वरूप या शब्दांतून व्यक्त होते काय, हा प्रश्न निराळा आहे. त्याच्या विचारास अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्याइतके सोयीचे क्षेत्र क्वचितच आढळेल. याच जिल्ह्यात नेवासे येथे इ. स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, आणि याच जिल्ह्यात १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे कार्य सुरू होऊन पाश्चात्त्य उपासनागीतांची परंपरा येऊन पोहोचली.

‘क्वायर’ या शब्दाचे मूळ ग्रीक भाषेत असून तेथे त्याचा अर्थ नृत्यगायन करणारा मेळा असा होता. पुढे तो चर्चमधील गायकगणास आणि त्या गणाच्या आसनस्थानासही लागू झाला. म्हणजे गाणाऱ्यांची जागा व ऐकणाऱ्यांची जागा वेगळी, ही कल्पना या शब्दाच्या अर्थातच शिरली. प्रॉटेस्टंट पंथांनी सोळाव्या शतकापासून सर्व मंडळीने गाण्यावर भर दिला, हे खरे. तथापि शब्दातील ती विभागणी कायम राहिली.

मराठीची रीत याहून भिन्न आहे. येथे गणास नाव देण्यापेक्षा गणातील प्रत्येकाच्या कामास नाव देण्याकडे भाषेचा कल दिसतो. दिंडीत विणेकरी, टाळकरी, पखवाजी असतात. कीर्तनात कीर्तनकाराने उच्चारलेला चरण मागे उभे असलेले टाळकरी उचलतात. गोंधळात आणि तमाशात झील धरणारा तो झीलकरी. या सर्वांपुढे बसलेला समाजही निव्वळ श्रोता नसतो. नामाचा गजर सुरू झाला की त्याचा आवाज त्यात मिळतोच.

याहून बोलका पुरावा क्रियापदांचा आहे. ख्याल ‘गातात’, पण अभंग, आरती, हरिपाठ हे ‘म्हणतात’. ‘गाणे’ या क्रियेस गळा व तालीम यांची अपेक्षा असते. ‘म्हणणे’ या क्रियेस केवळ सहभाग पुरतो. ‘भजन’ शब्दाचा भज् हा धातूही वाटून घेणे, सहभागी होणे, सेवा करणे या अर्थांचा आहे. व्युत्पत्तीवरून आजचा अर्थ ठरविणे धोक्याचे असते. ‘स्तोत्र’ हा शब्द सोमयागात उद्गाता, प्रस्तोता व प्रतिहर्ता या तिघांनी मिळून गावयाच्या रचनेचा वाचक होता. आज घरोघर एकटा माणूस स्तोत्र म्हणतो. परंतु ‘भजना’च्या बाबतीत धातूचा अर्थ आणि चालू व्यवहार यांचा मेळ बसतो, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

नगरच्या ख्रिस्ती कवींनी केलेली निवड या पार्श्वभूमीवर तपासली पाहिजे. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ख्रिस्ती कीर्तनाचा पाया घातला. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेऊन नगरात कार्य करणारे नारायण वामन टिळक (मृत्यू १९१९) यांनी अभंग व भजन हे प्रकार उपासनेत रुजविले. यास पुष्कळदा केवळ ‘देशी पेहराव’ समजले जाते. हे मत अपुरे आहे. परक्या चालीवर बेतलेल्या भाषांतरित गीतात नवख्या माणसाला आधी चाल शिकावी लागे. अभंगात ती त्याच्या कानावर जन्मापासून असे. म्हणजे कोणी गावे, या प्रश्नाचे उत्तरच रचनाप्रकाराबरोबर बदलले.

टिळकांच्या अनेक रचना ज्यात आहेत, त्या गीतसंग्रहाचे ‘उपासना संगीत’ हे नावही या दृष्टीने विचारार्ह आहे. ‘संगीत’ ही संज्ञा शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’त गीत, वाद्य व नृत्य या तिहींस व्यापणारी आहे, गीतसंग्रहास ती काहीशी मोठी पडते. मात्र ‘उपासना’ या पूर्वपदाने ती आवरली गेली आहे. संग्रहाचे नाव गाणाऱ्यांच्या संख्येवरून न पडता प्रयोजनावरून पडले, यात मराठी वळण उमटले आहे. ‘समूहगान’ हा शब्द नेमका येथे उणा पडतो. पुष्कळ जण गातात, एवढेच तो सांगतो; कशासाठी व कोणत्या नात्याने, हे सांगत नाही.

यावरून ‘गायनवृंद’ हा शब्द टाकाऊ ठरत नाही. निवडक गायकांनी स्वरविभाग पाडून, तालमीने बसविलेले गायन नाताळासारख्या प्रसंगी होते. त्या गायकांस तो शब्द यथार्थ शोभतो. शाळांच्या स्पर्धांतील गायनास ‘समूहगान’ म्हणण्यातही वावगे नाही. दोष आहे तो एकाच प्रतिशब्दाने सर्व व्यवहार झाकण्यात. कोशकाराने गणासाठी ‘गायनवृंद’, प्रसंगानुसार सर्वांनी म्हणावयाच्या उपासनेसाठी ‘भजन’, आणि निरूपणप्रधान प्रकारासाठी ‘कीर्तन’ अशी स्वतंत्र नोंद करावी. तसे न झाल्यास देवळातील वा चर्चमधील साधा उपासक परिभाषेपुरता तरी श्रोता ठरेल. आणि जे म्हणणे आजवर त्याचे स्वतःचे होते, ते दुसऱ्या कोणाचे गाणे म्हणून नोंदले जाईल.