पूर्वपक्षाची प्रतिष्ठा : वैचारिक लेखातील पुरावा आणि कुमारकथेतील व्यक्तिविकास

चेन्नईहून कांचीपुरमच्या दिशेने जाताना लागणारे श्रीपेरुंबुदूर हे रामानुजाचार्यांचे जन्मस्थान होय. परंपरेने त्यांचे जन्मवर्ष इ. स. १०१७ मानले आहे. त्यांच्या ‘श्रीभाष्या’कडे तत्त्वज्ञानाचा ग्रंथ म्हणून पाहिले जाते आणि ते योग्यच आहे; परंतु वादलेखनाचा नमुना म्हणूनही तो अभ्यासण्याजोगा आहे. पहिल्याच सूत्राच्या विवेचनात रामानुज अद्वैतमताची मांडणी इतक्या विस्ताराने करतात, की त्या भागाला ‘महापूर्वपक्ष’ असे नावच पडले. त्यानंतर येतो तो ‘महासिद्धान्त’. ज्या मताचे खंडन करावयाचे, ते त्याच्या सर्व सामर्थ्यानिशी वाचकासमोर उभे करावे आणि मगच आपले म्हणणे सांगावे, ही या रचनेमागील शिस्त आहे. प्रतिपक्ष दुबळा करून मांडला, तर त्यावरील विजयही तितकाच दुबळा ठरतो.

रामानुजांच्या पारंपरिक चरित्रातही या शिस्तीचे प्रतिबिंब आढळते. कांचीच्या परिसरात यादवप्रकाशांपाशी अध्ययन करीत असताना श्रुतिवाक्यांच्या अर्थावरून गुरुशिष्यांत मतभेद झाला आणि शिष्याला गुरुगृह सोडावे लागले, असे ही चरित्रे सांगतात. पुढे तेच यादवप्रकाश रामानुजांचे शिष्य झाले, अशीही कथा आहे. इतिहास म्हणून या कथांचे मूल्य काहीही असो. त्यांच्यातील वाङ्मयीन जाण मार्मिक आहे. तरुण रामानुज मोठे होतात ते गुरूचे म्हणणे न ऐकल्यामुळे नव्हे, तर ते पूर्ण ऐकून घेतल्यामुळे. वादातील सिद्धान्त आणि कथेतील व्यक्तिविकास या दोहोंची कसोटी येथे एकच ठरते : जे मागे टाकावयाचे, त्याला पुरेसे वजन दिले आहे काय?

ही कसोटी मराठी वैचारिक गद्याला लावून पाहण्यासाठी १८९१ सालच्या संमतिवयाच्या वादाइतका उपयुक्त प्रसंग दुसरा क्वचितच सापडेल. संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेणारे विधेयक सरकारपुढे होते. कलकत्त्यातील अल्पवयीन फुलमणीच्या मृत्यूचा खटला नुकताच, १८९० मध्ये, गाजला होता. गोपाळ गणेश आगरकर १८८८ पासून ‘सुधारक’ चालवीत होते आणि त्यांनी कायद्याची बाजू घेतली. ‘केसरी’तून टिळकांनी परकीय सरकारच्या हस्तक्षेपाला विरोध केला. रा. गो. भांडारकरांनी त्याच वर्षी धर्मशास्त्रातील विवाहवयासंबंधी टिपण प्रसिद्ध केले.

या तीन भूमिकांत पुराव्याचे तीन प्रकार दिसतात. आगरकरांचा पुरावा मुख्यतः अनुभवाचा व बुद्धीचा आहे : रूढीचे परिणाम डोळ्यांसमोर आहेत, ते पाहा आणि न्याय करा. टिळकांचा भर अधिकाराच्या प्रश्नावर आहे : सुधारणा इष्ट असली, तरी ती कोणी व कोणत्या मार्गाने करावी? भांडारकर तिसरा मार्ग घेतात. विरोधक शास्त्राचा आधार घेतात ना, मग शास्त्रच उघडून पाहू, अशी त्यांची भूमिका आहे. प्रतिपक्षाला मान्य असलेल्या प्रमाणानेच प्रतिपक्षाला उत्तर देणे, ही रीत श्रीभाष्यकारांच्या परंपरेतील वाचकाला अनोळखी वाटू नये.

यांपैकी कोणता पुरावा अधिक पटवणारा, हा प्रश्न विद्यार्थ्याने एका वाक्यात निकालात काढू नये. पुरावा पटतो तो तीन गोष्टींच्या मेळातून : तो विधानाशी थेट संबद्ध असावा लागतो, वाचकाला तो पडताळता यावा लागतो आणि विरुद्ध बाजूच्या सर्वांत बळकट मुद्द्याला तो सामोरा जावा लागतो. आगरकरांचे गद्य पहिल्या कसोटीवर तेजस्वी ठरते. परंतु ज्याला बुद्धिप्रामाण्यच मान्य नाही, अशा वाचकापाशी त्या तेजाचा उपयोग मर्यादित राहतो. भांडारकरांची पद्धत अशा वाचकापर्यंत पोहोचू शकते. मात्र शास्त्रात अनुकूल वचन सापडले नसते तर मुलीच्या वेदनेचे काय, हा प्रश्न ती अनुत्तरित ठेवते. टिळकांचा आक्षेप कायद्याच्या मार्गावर होता; त्याला उत्तर देताना ते रूढीचेच समर्थक होते असे गृहीत धरले, तर वाद सोपा होतो, पण त्याचे निराकरण होत नाही.

लेखात पूर्वपक्षाचे जे स्थान, ते कुमारकथेत नायकाच्या पूर्वरूपाचे असते. मुलगा भित्रा होता, तो धीट झाला, या विधानाला लेखातील निष्कर्षाइतकेच मूल्य आहे. आधीची भीती खरी वाटली नाही, तर नंतरचा धीटपणा केवळ लेखकाचे आश्वासन उरते. साने गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली आणि १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘श्यामची आई’ या दृष्टीने वाचावयास हवी. आईच्या हळवेपणाची कथा म्हणून ती घरोघरी पोहोचली. श्यामच्या बदलाचे पुरावे तीत कसे रचले आहेत, याकडे तुलनेने कमी लक्ष गेले.

पोहण्याचा प्रसंग घ्यावा. श्याम पाण्याला भितो, लपून बसतो. आई त्याला मारून घराबाहेर काढते आणि नंतर तीच त्याची समजूत घालते. मुलाला कोणी भित्रा म्हणू नये, ही तिची तळमळ आहे. येथे श्यामची भीती हास्यास्पद केलेली नाही आणि आईचा मारही गोड करून सांगितलेला नाही. दोन्ही बाजूंना आपापले वजन आहे. म्हणूनच श्यामचे पाण्यात उतरणे हा वाचकाला पटणारा पुरावा ठरतो.

याहून अवघड प्रसंग मोळीचा आहे. अस्पृश्य म्हातारीची मोळी उचलून देण्यास आई श्यामला सांगते आणि घरी येऊन आंघोळ करण्यासही सांगते. प्रचारकी लेखकाने ही आंघोळ गाळली असती. साने गुरुजींनी ती ठेवली आणि तीमुळेच प्रसंग विश्वसनीय झाला. आईची करुणा तिच्या आचारधर्माच्या चौकटीत राहूनच त्या चौकटीला धक्का देते. चौकट मोडण्याचे काम पुढच्या पिढीवर राहते. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून याच लेखकाने उपोषण केले, ही घटना येथे आठवणे स्वाभाविक आहे. तथापि समीक्षेने सावध राहावयास हवे. लेखकाच्या चरित्रातील कृती हा कथेतील श्यामच्या वाढीचा पुरावा होऊ शकत नाही. तो पुरावा कथेतच, त्या मोळीत आणि त्या आंघोळीत, शोधावा लागतो.

या कादंबरीची मर्यादाही याच कसोटीतून स्पष्ट होते. बेचाळीस रात्री मित्रांना आठवणी सांगणारा प्रौढ श्याम पुष्कळदा साक्षीदार न राहता न्यायाधीश होतो. प्रसंग पूर्ण होण्यापूर्वीच त्याचे तात्पर्य येते. भाष्य लांबते आणि लहान श्याम मागे पडतो. अशा जागी वाचकाला पटविले जात नाही, त्याला सांगितले जाते. आंघोळीसारखे अडचणीचे तपशील जेथे टिकून राहतात, तेथे मात्र कादंबरी आपल्याच उपदेशावर मात करते.

हा न्यायाधीश बाजूला सारून कुमारवयाची कथा लिहिण्याचा प्रयत्न प्रकाश नारायण संत यांच्या लंपनच्या कथांत आढळतो. ‘वनवास’ (१९९४), ‘शारदा संगीत’ (१९९७), ‘पंखा’ (२००१) आणि ‘झुंबर’ (२००२) या चार पुस्तकांतून बेळगावकडच्या मराठी-कानडी मिश्र परिसरातील हा मुलगा वाचकाला भेटतो. आईवडिलांपासून दूर, आजीआजोबांकडे राहणाऱ्या लंपनला आपले दुःख नीट सांगता येत नाही. तो ‘मॅड’ या शब्दाचा आधार घेतो आणि साध्या गोष्टीही हजारांच्या आकड्यांत मोजतो. लेखात असा आकडा आला, तर तो खोटा पुरावा ठरेल. कथेत तोच आकडा खरा पुरावा आहे. मात्र तो घडलेल्या घटनेचा नसून भावनेच्या आकारमानाचा आहे. लंपन शहाणा झाला, असे येथे कोणी सांगत नाही. वाचकाने त्याच्या बोलण्यातील आणि पाहण्यातील सूक्ष्म फरक जमवून स्वतः निष्कर्ष काढावयाचा असतो. हा मार्ग निर्धोक नाही. आठवणींचा सुगंध कधीकधी इतका दाटतो, की बदलापेक्षा तो काळच वाचकाला अधिक प्रिय होतो. तरीही साक्षीवर विश्वास ठेवून निकाल वाचकाच्या हाती देणे, ही संतांची मोठी कमाई होय.

महाविद्यालयीन अभ्यासात वैचारिक लेखाचे मुद्दे एका वहीत आणि पात्राचे स्वभावविशेष दुसऱ्या वहीत लिहिण्याची सवय रूढ आहे. ‘प्रेमळ’, ‘धीट’, ‘संस्कारक्षम’ अशी विशेषणे जमविली, की व्यक्तिचित्रण झाले असे मानले जाते. परंतु विशेषण हा निष्कर्ष असतो, पुरावा नव्हे. कोणत्या प्रसंगावरून ते काढले, त्या प्रसंगात विरुद्ध दिशेने ओढणारे काय होते आणि ते लेखकाने लपविले की जपले, हे विचारल्यावाचून विशेषणाला आधार मिळत नाही. लेख वाचताना विचारावयाचे प्रश्नही हेच आहेत.

कुमारवयाचा वाचक या चर्चेत केवळ निमित्त नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कोणीतरी काहीतरी पटवून देऊ पाहत असते : घर, शाळा, वृत्तपत्र, पुढारी. त्याच्या हाती पडणाऱ्या कथेने त्याला फक्त निष्कर्ष दिले, तर तो दुसऱ्याचे निष्कर्षही तितक्याच सहज स्वीकारील. आपलेच जुने मन नीट ऐकून मग त्याच्यापासून दूर जाणारा नायक त्याला भेटला, तर प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकून घेण्याचे बळ त्याच्यात येण्याची शक्यता असते. श्रीपेरुंबुदूरच्या आचार्यांनी भाष्याच्या आरंभीच प्रतिपक्षाला दिलेली प्रशस्त जागा ही म्हणूनच केवळ शास्त्रार्थाची रीत राहत नाही. मोठे होण्याची रीतही तीच आहे.