प्रदेश, नगर आणि वाङ्मयेतिहास : बंगळूरचे उदाहरण

एखादे नगर कोणत्या प्रदेशाचे, हा प्रश्न वरवर भूगोलाचा वाटतो. परंतु प्रदेशवाचक नावाने लिहिल्या जाणाऱ्या वाङ्मयेतिहासांत त्याचे उत्तर गृहीतच धरलेले असते. हे गृहीत कोणत्या निकषावर उभे आहे, याची तपासणी बंगळूरच्या संदर्भात उद्‌बोधक ठरते.

मराठी आणि कन्नड या दोन्ही परंपरांत प्रदेशनिश्चितीचे जुने प्रयत्न आढळतात. नवव्या शतकातील ‘कविराजमार्ग’ या कन्नड ग्रंथाने कावेरीपासून गोदावरीपर्यंतचा प्रदेश कन्नड म्हणून सांगितला. त्यातही किसुवोळल, कोपण, पुलिगेरे आणि ओंकुंद या स्थानांमधील भूमी सारभूत कन्नडाची मानली. म्हणजे येथे बाह्य सीमा आणि गाभा अशी दुहेरी व्यवस्था आहे. महानुभाव परंपरेने अनुयायांनी महाराष्ट्रात राहावे, कानड व तेलंग देशांत जाऊ नये, असा दंडक घातला. त्याच्या विवरणात मराठी बोलली जाणारी भूमी मंडळामंडळांनी मोजलेली दिसते. पहिल्या पद्धतीत नद्या आणि नगरे प्रमाण आहेत, तर दुसरीत बोली. दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवले असता गोदावरीच्या दक्षिणेचा मोठा पट्टा दोहोंत येतो. बंगळूर मात्र ना कन्नडाच्या गाभ्यात आहे, ना मराठीच्या मंडळांत.

या नगराचा मराठी वाङ्मयाशी संबंध येतो तो तिसऱ्याच मार्गाने. इ. स. 1638 मध्ये विजापूरच्या फौजांनी ते केंपेगौडाच्या वंशजाकडून घेतले आणि पुढे ते शहाजीराजे भोसले यांच्या जहागिरीचे मुख्य ठाणे झाले. याच दरबाराचे चित्र जयराम पिंड्ये याच्या ‘राधामाधवविलासचंपू’त येते. ग्रंथाचा मोठा भाग संस्कृत असला, तरी त्यात मराठी, कन्नड, ब्रज अशा अनेक भाषांतील पद्येही आहेत. येथे नगराची ओळख सीमेने वा बहुसंख्येच्या बोलीने ठरत नाही, तर एका दरबारात एकत्र आलेल्या भाषांनी ठरते.

वि. का. राजवाडे यांनी 1922 मध्ये हा ग्रंथ विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला, हे त्यांचे ऋण मोठेच आहे. मात्र त्या प्रस्तावनेचा रोख शहाजीराजांच्या कर्तृत्वाकडे असल्याने ग्रंथ प्रामुख्याने मराठ्यांच्या इतिहासाचे साधन ठरला. परिणामी त्यातील बहुभाषिकता कवीचे पांडित्य म्हणून नोंदली गेली आणि नगर पार्श्वभूमीपुरते उरले. ‘बृहन्महाराष्ट्र’ या संज्ञेनेही ही उणीव भरून निघत नाही. या संज्ञेसरशी बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, तंजावर ही नावे सहज आठवतात, कारण तेथे मराठी राजवटी दीर्घकाळ टिकल्या. बंगळूर 1687 मध्ये मोगलांच्या हाती जाऊन लगेच म्हैसूरच्या वडियारांकडे गेले. तंजावरच्या सरस्वती महालासारखा ग्रंथसंग्रहही तेथे मागे राहिला नाही. थोडक्यात, राज्य टिकले तेथे वाङ्मयीन प्रदेश मानायचा, असा अलिखित निकष या संज्ञेमागे आहे.

विसाव्या शतकात हाच प्रश्न राजकीय रूपात उभा राहिला. 1956 च्या राज्यपुनर्रचनेनंतर बेळगावच्या संदर्भात महाराष्ट्राने खेडे हा घटक, भौगोलिक सलगता आणि भाषिक बहुमत ही सूत्रे मांडली. 1967 च्या महाजन आयोगाच्या अहवालाने बेळगाव म्हैसूर राज्यातच ठेवण्याची शिफारस केली. 2004 मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. त्या वादाच्या गुणावगुणांत न शिरताही एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. खेड्याला लागू पडणारे बहुमताचे सूत्र महानगराला तसेच्या तसे लागू पडत नाही. 2011 च्या जनगणनेनुसार बंगळूर नागरी जिल्ह्यात कन्नड मातृभाषा असणाऱ्यांचे प्रमाण निम्म्याहून कमी आहे. तरीही हे नगर कर्नाटकाचे आहे, याविषयी कोणी शंका घेत नाही. भोवतालचा मुलूख, प्रशासन आणि सांस्कृतिक संस्था यांच्या आधारे ते नाते सिद्धच आहे.

म्हणून बंगळूरवर मराठीचा हक्क सांगणे जितके अनैतिहासिक, तितकेच मराठी वाङ्मयाच्या नकाशातून ते वगळणे एकांगी ठरते. भूमीचे स्वामित्व अविभाज्य असते. राज्यांच्या सीमांना एका गावाचा एकच मालक लागतो. वाङ्मयीन संबंधांना असा निवाडा आवश्यक नसतो. ‘राधामाधवविलासचंपू’ मराठी, कन्नड आणि संस्कृत या तिन्ही वाङ्मयेतिहासांत एकाच वेळी नोंदला जाऊ शकतो, आणि त्यामुळे कोणाचेही काही उणे होत नाही. तौलनिक अभ्यासाने ‘हे नगर कोणाचे’ या प्रश्नाऐवजी ‘या नगरात कोणत्या भाषा कोणत्या काळी परस्परांना ऐकू येत होत्या’ हा प्रश्न विचारल्यास जयरामाच्या ग्रंथाचे खरे वाचन सुरू होईल.