हेलन केलर यांचे आणखी एक पुस्तक

हेलन केलर यांचे नाव निघताच तो पाण्याचा पंप डोळ्यांपुढे उभा राहतो. १८८७ साली अॅन सलिव्हन यांनी लहानग्या, अंध-बधिर हेलनचा एक हात धारेखाली धरला, दुसऱ्या तळव्यावर बोटांनी अक्षरे उमटवली, आणि वस्तूंना नावे असतात हे तिला उमगले. १९०३ मधील ‘द स्टोरी ऑफ माय लाइफ’ या आत्मकथेत हा प्रसंग वाचून विद्यार्थिदशेत आम्हीही गहिवरलो होतो. परंतु परवा बदलीच्या गावी, एका वाचनालयात, त्यांचे १९०८ सालचे ‘द वर्ल्ड आय लिव्ह इन’ हाती आले आणि बाईंची खरी ओळख आताच होत आहे असे वाटले.

या पुस्तकात उणिवेचे रडगाणे नाही, आणि तिच्यावर मात केल्याचा डांगोराही नाही. हात, नाक आणि पायांखालची जमीन हेच त्याचे विषय. पावलांच्या कंपावरून चालणारे मूल की मोठे माणूस हे त्या ओळखतात. सुतार, लोहार, गवंडी यांना कामाच्या वासावरून निराळे करतात. जुन्या घरात शिरताच तेथे पिढ्यानुपिढ्या राहून गेलेल्या कुटुंबांच्या वासाचे थर त्यांना जाणवतात. वादळाची वर्दी नाकाला काही तास आधीच मिळते. आनंदाची ग्वाही वेगळी द्यावी लागत नाही. ती या नेमकेपणातच आहे. न पाहिलेल्या रंगांविषयी लिहिण्याचा त्यांना अधिकार काय, असे टीकाकार विचारीत. भाषा सर्वांची आहे आणि कल्पनेला डोळ्यांची अट नाही, हे त्यांचे म्हणणे आम्हांस पटते. (हिमालय न पाहता त्यावर कविता करणारे आपल्याकडे थोडे आहेत काय?) स्वप्नांवरील प्रकरणे मात्र पाल्हाळिक आहेत, आणि अखेरची दीर्घ कविता नसती तरी चालले असते.

सर्वांत झोंबतो तो प्रस्तावनेतील चिमटा. शिक्षणपद्धती सुधारण्याविषयी लिहू म्हटले, तर संपादकांना हवे असते ते सहाव्या वर्षी चांगुलपणाविषयी आपली काय कल्पना होती एवढेच, अशी त्यांची तक्रार आहे.

हे वाचून आम्ही खजील झालो. आमच्या कार्यालयात कुबडी घेऊन येणाऱ्या सहकाऱ्यांचे धैर्य आम्ही सहा वर्षे वाखाणीत आलो. त्यांच्या टिपण्या विभागात सर्वांत नेटक्या असतात, हे मात्र कधी बोललो नव्हतो. गेल्या सोमवारी एका मसुद्याविषयी त्यांचे मत विचारले. त्यांनी त्यातील आमच्या चार चुका दाखविल्या, आणि मग जेवणाची सुटी संपेपर्यंत उत्साहाने बोलत राहिले.