काटोलचा अशनी आणि पृथ्वीचं पोट : एक शोधनिबंध तपासून वाचूया

अशनींचे प्रकार शिकताना एक तक्ता डोक्यात बसतो. लोखंडी अशनी म्हणजे गाभा, पॅलसाइट म्हणजे गाभा आणि प्रावरणाची सीमा, कॉन्ड्राइट म्हणजे वितळून थर न पडलेला मूळ माल. परीक्षेपुरतं ठीक आहे. पण या तक्त्याला धक्का देणारा एक दगड नागपूर जिल्ह्यातच पडलाय.

२२ मे २०१२ रोजी काटोल परिसरात पडलेला हा अशनी एल६ कॉन्ड्राइट आहे. तक्त्याप्रमाणे त्याचा प्रावरणाशी संबंध नको. तरी २०२१ मध्ये आयआयटी खरगपूरचे सुजय घोष आणि सहकाऱ्यांनी पीएनएएस नियतकालिकात त्यातलं ब्रिजमनाइट दाखवलं. हे पृथ्वीच्या खालच्या प्रावरणातलं सर्वांत मुबलक खनिज. म्हणजे माहिती फक्त अशनीच्या प्रकारात नसते, त्याने सोसलेल्या धक्क्यातही असते. अवकाशातल्या टकरीत दगडात वितळलेल्या बारीक शिरा तयार झाल्या आणि २३ ते २५ गिगापास्कल दाबाखाली त्यात हे खनिज घडलं. पृथ्वीत एवढा दाब साधारण ६६० किमी खोलीपासून पुढे मिळतो.

ते टिकलं कसं? भोसरी-चाकणच्या हार्डनिंग शॉपमध्ये लालभडक पोलाद तेलात बुडवलं की मार्टेन्साइट मिळतं. तेच हळू गार केलं तर मिळत नाही. इथेही तसंच, फक्त एक अट जास्त : दाब पुरता उतरण्याआधी शीर गार व्हायला हवी.

आता निबंधाची ताकद. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या टेनहॅम अशनीवरून ब्रिजमनाइटला नाव मिळालं होतं, पण आधीच्या नमुन्यांची घडण पृथ्वीत अपेक्षित असलेल्या खनिजाशी जुळत नव्हती. काटोलच्या नमुन्यात लोह आणि ॲल्युमिनियम दोन्ही आहेत, आणि घडण प्रयोगशाळेतल्या नमुन्यांशी जुळते. एकूण लोहापैकी फेरिक लोहाचं प्रमाण ब्रिजमनाइटमध्ये ०.६९ ± ०.०८, शेजारच्या मेजोराइटमध्ये ०.३७ ± ०.१०. वही काढा, दोन्ही पट्टे मांडा : ०.६१ ते ०.७७ आणि ०.२७ ते ०.४७. एकमेकांवर चढत नाहीत. फरक पक्का दिसतो.

माझी शंका पुढच्या पायरीवर आहे. पृथ्वीच्या जन्मकाळी मॅग्माचा महासागर गोठताना काय झालं, त्याचा हा नमुना ठरू शकतो, असं लेखक सुचवतात. पण धक्क्याची शीर क्षणात गोठते. महासागर गोठायला त्यापेक्षा कितीतरी जास्त काळ लागला. घाईत गोठलेल्या स्फटिकांमध्ये लोहाची वाटणी समतोलाला पोचली का? प्रयोगांशी जुळणी ही बाजूने साक्ष आहे, पण अखेरचा निकाल नाही. शिवाय शिरेतला रस कॉन्ड्राइटचा. पृथ्वीच्या प्रावरणातून तर बरंच लोह आधीच गाभ्यात उतरलेलं.

लेखकांनी स्वतः शब्द जपून वापरलेत : ‘जवळचं नैसर्गिक साम्य’, ‘नमुना ठरू शकतो’. सेमिनारमध्ये सांगताना आपणच त्याचं ‘काटोलमध्ये प्रावरणाचा तुकडा सापडला’ असं करून टाकतो. तो तुकडा लघुग्रहाचा आहे, पृथ्वीचा नाही. निबंध वाचताना तीन रकाने करा : मोजलेलं, त्यावरून काढलेलं, सुचवलेलं. तुमच्या पीएचडीचा प्रश्न बहुतेक वेळा तिसऱ्या रकान्यात सापडेल.