गोठलेल्या नद्यांवरून तार

बिली मिचेल म्हटलं की विमानं आठवतात. हवाई दलासाठी वरिष्ठांशी उघड भांडलेला, 1925 साली कोर्टमार्शल झालेला अमेरिकी अधिकारी. मला मात्र त्याचं जमिनीवरचं पुस्तक जास्त आवडतं : ‘द ओपनिंग ऑफ अलास्का’. तो 1936 मध्ये गेला, पुस्तक छापलं गेलं 1982 मध्ये.

काळ 1901 ते 1903. मिचेल विशीतला, लष्कराच्या संदेशवहन विभागाचा, म्हणजे सिग्नल कोअरचा, लेफ्टनंट, फिलिपिन्सच्या युद्धात तारा टाकून आलेला. अलास्कातली लष्करी ठाणी वॉशिंग्टनशी जोडणारी तारेची लाइन रखडली होती. ती का रखडली हे बघायला सिग्नल कोअरचे प्रमुख जनरल ग्रीली यांनी त्याला पाठवलं. ग्रीली स्वतः ध्रुवप्रदेशातल्या मोहिमेतून जिवंत परतलेले. पंचवीस जणांतले सहाच वाचले होते.

पुस्तकाचा प्राण एका निरीक्षणात आहे. काम चाले उन्हाळ्यात आणि हिवाळा आला की थांबे. पण उन्हाळ्यात वरची माती वितळून चिखल होतो, लादलेली खेचरं रुततात, डास माणसाजनावरांना फोडून काढतात. मिचेलनं वर्षच उलटं केलं. ओझी हिवाळ्यात न्यायची, कारण गोठलेली नदी हा तिथला सगळ्यात चांगला रस्ता, आणि पाठीवर मावेल त्याच्या कित्येक पट वजन स्लेजवरून जातं. तार, अवजारं, शिधा जागोजागी आधीच पोचवून ठेवायचा. मग उन्हाळ्यात माणसांनी मोकळ्या हातांनी खड्डे खणायचे, खांब उभे करायचे. ज्या थंडीपुढे सगळे हात टेकत होते, तिलाच त्यानं कामाला जुंपलं!

हे तो सांगतो कसं, तेही पाहावं. थंडीला तो विशेषणं चिकटवत नाही. पारा गोठवणाऱ्या थंडीत माणूस काय घालतो, कुत्र्यांना काय खायला घालतो, स्लेजवर काय आधी ठेवतो, अशा तपशिलांतून ती वाचकाच्या अंगात शिरते. पॉइंटर हा त्याचा म्होरक्या कुत्रा तर पुस्तकातलं ठसठशीत पात्रच आहे. कुत्र्यांची गाडी हाकणं, केसाळ चामड्याचे कपडे हे सारं तिथल्या मूळ रहिवाशांचं ज्ञान, आणि लष्कराचं काम त्यावरच उभं राहिलं.

एक उणीव जाणवते. कथेच्या मध्यभागी मिचेल स्वतःच असतो. कुदळ मारणाऱ्या शिपायांचे चेहरे मला आणखी जवळून पाहायचे होते. गोठलेल्या जमिनीत एकेक खड्डा त्यांनीच खणला.

जून 1903 मध्ये शेवटचा जोड मिचेलनं स्वतः दिला. त्या लाइनचं मोल पुढे 5 डिसेंबर 1905 ला दिसलं. वायव्य सागरी मार्ग पार केलेला नॉर्वेजियन दर्यावर्दी आमुंडसेन बर्फात अडकलेलं जहाज मागे ठेवून कुत्र्यांच्या गाड्यांसोबत शेकडो मैल चालत आला तो अलास्कातल्या ईगल गावच्या लष्करी तारघरात. ध्रुवसंशोधक नान्सेनला त्यानं ती बातमी कळवली तिथूनच.